उन्हात धरलेला हात

सगुणाबाई भाजी एका हाताने विकायची. दुसरा हात होता, चांगला धडधाकट होता, पण तो पदरात गुंडाळून तिने कमरेशी दाबून धरलेला असे. डोक्यावरची टोपली उतरवायची तीही एकाच हाताने. आधी गुडघ्यावर, मग ओट्यावर. वजन पारड्यात ठेवून ती तराजू उंच धरायची आणि म्हणायची, "घ्या माय, तुमच्याच हातानं टाका." भाजी तिने उचलायची नाही, गिऱ्हाइकाने उचलायची, अशी खामगावात आमच्या आळीची रीत होती. साहजिकच प्रत्येक घर दोन वांगी जास्त टाकी. पारडे खाली बसलेले तिला दिसे. ती एवढेच विचारी, "झालं का मन?"

पदरातल्या त्या डाव्या हाताला कोड होते. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत हात पांढरा, चुन्याच्या निवळीत बुडवून काढल्यासारखा. उजव्या हातावर एक डाग नव्हता. उजवा हात लोकांचा आणि डावा माझा, असे ती म्हणे. भाजी घरात आली की आई ती हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवी, मग साध्या पाण्याने तीनदा धुई, मगच विळी काढी. तरी भाजी सगुणाबाईचीच हवी असे, कारण तिच्या वांग्यांना कीड नसे.

मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात राहून शिकले. मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा मला इंग्रजीत निबंध लिहिता येत होता आणि ओट्यावर आलेल्या बाईशी चार शब्द बोलताना घाम फुटत होता. पहिल्याच सकाळी आईने मला भाजी घ्यायला पाठवले. रीत सांगायला ती विसरली. मी सरळ सगुणाबाईच्या हातातला तराजू घ्यायला हात पुढे केला. ती झटकन मागे सरली. पारडी एकमेकांवर आपटली.

"नवीन दिसता ताई," ती म्हणाली. "घरच्याईनं सांगतलं नाही का? मले शिवत नसतात."

"का?"

"काऊन म्हंजे? कोड हाय. लागते."

"तुम्हाला कुणाचं लागलं?"

हे मी धीटपणाने विचारले नव्हते. मला खरेच माहीत नव्हते. सगुणाबाईने टोपलीवरचा ओला फडका सारखा केला. "हे मले आजवरी कोनी इचारलं नाही," ती म्हणाली. "मायाजवळ राहून माया नवऱ्याले बी झालं नाही. तो मेला तवा चांगला काळा होता. थांबा, इचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी टोपली उतरवायच्या आधीच तिने उत्तर दिले. "कोनाचंच नाही लागलं." मग मेथीच्या जुड्या माझ्याकडे सरकवल्या, पायाने नव्हे, हाताने नव्हे, टोपली कलती करून.

तिचा मळा गावाबाहेर जलंबच्या रस्त्याला होता. नवरा गेल्यावर ती धाकटा दीर नामदेव, त्याची बायको आणि दोन मुली यांच्यात राहत होती. मळा मात्र तिच्याच जिवावर चाले. नामदेवाच्या थोरल्या मुलीची, शेवंताची, सोयरीक ती लहान असतानाच दोनदा मोडली. दोन्ही वेळा कारण एकच, घरात कोड. तेव्हा त्याने गावातला एक वैद्य गाठला. वैद्याने बावचीचे तेल दिले. रोज दुपारी ते हाताला चोळायचे आणि हात उन्हात धरायचा, कातडी लाल होईपर्यंत. वऱ्हाडातले ऊन बाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. सगुणाबाई विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचे पाणी पडते त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसून हात उन्हात धरी. फोड येत, फुटत, त्यावर पुन्हा तेल. अशी सात वर्षे. मी तिला तशी बसलेली दोनदा पाहिली. डोक्यावर पदर, चेहरा सावलीत, आणि तेवढा एक हात बाहेर, जणू कुणी काही देणार आहे.

"दुखत नाही?" मी विचारले होते.

"दुखते न. पन आमच्या घरी दुखनं कोनी पाहात नाही, डाग पाहतात."

मी घरी आल्याला सहा-सात महिने झाले तेव्हा, दिवाळीनंतर, त्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मुळाशी, एक खपली धरलेला फोड दिसू लागला. कडेने उंच, टणक, तपकिरी-काळा. तो भरून येईना. आणि मग सगळ्यांनी मिळून जे केले ते आठवले की आजही माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. वैद्याने तो पाहून सांगितले की रंग परतायला लागला. पांढऱ्या कातडीत काळे आले, म्हणजे औषध लागू पडले. नामदेवाने मारुतीपुढे नारळ फोडला, खोबरे वाटले. शेवंताला पाहायला तिसरे पाहुणे आले तेव्हा त्याने सगुणाबाईला अंगणात बोलावले, तिचा हात मनगटाशी धरून उन्हात उंच केला आणि सगळ्यांना तो फोड दाखवला.

"पोरीले पाहाले आले अन् मायाच हात पाहून गेले," ती मला सांगत होती. "एका बुढ्यानं त चष्मा लावून पाह्यला. म्हने, येऊन राह्यला रंग, येऊन राह्यला. मले वाटलं, आता मायंच लगन लावून देतात."

ती हसली. मला हसता आले नाही. त्या फोडाला वास येत होता.

बायकांच्या दवाखान्यात तेव्हा एक परदेशी डॉक्टरीणबाई होती. मी तिच्याकडे पुस्तके आणायला जाई. घराबाहेर मी मोकळेपणी बोलत असेन तर तिच्याशीच. इंग्रजीत बोलताना मला वाटे की बोलणारी कुणी दुसरीच आहे. मी तिला फोडाचे सांगितले. ती म्हणाली, उद्याच आण. तिचे मराठी 'जीभ दाखव' आणि 'कुठं दुखतं' यापुढे जात नव्हते, म्हणून दुभाषी मी. सगुणाबाईबरोबर नामदेवही आला. त्याला फोडाचे काही नव्हते. त्याला डॉक्टरणीकडून कागद हवा होता, की हा महारोग नव्हे.

डॉक्टरीणबाईने तो हात सरळ आपल्या उघड्या हातात घेतला. सगुणाबाईने तो मागे ओढला, मग आपणच पुन्हा पुढे केला. डॉक्टरणीने फोड पाहिला, काखेत चाचपले आणि मग ती बराच वेळ बोलली. हा महारोग नव्हे. कोड लागत नाही. शरीर आपलाच रंग आपण का पुसून टाकते ते कुणालाच ठाऊक नाही, पण त्याने कुणी मरत नाही. हा फोड मात्र वेगळा आहे. एकाच जागची कातडी वर्षानुवर्षे भाजत राहिली की तिथे कॅन्सर धरतो, तसा हा आहे. तेल आणि ऊन आजपासून बंद. आता कापले तर दोन बोटे आणि तळहाताची कड जाईल, पण बाई वाचेल.

मी मराठीत सांगत गेले. कॅन्सरला मी 'वाईट फोड' म्हटले. तेलाने झाला असे म्हणायचे तर वैद्याकडे बोट जाईल, म्हणून 'तेल लावू नका' एवढ्यावर भागवले. महारोग नव्हे हे ऐकून नामदेवाने हात जोडले. दोन बोटे म्हणताच तो उभा राहिला.

"बोटं तोडली त लोक काय म्हनतीन ताई? पांढरा हात कोड म्हून चालून तरी जाते. बोटं झडलेला हात म्हंजे महारोगच. आखाजीचं लगन हाय. बाईले इचारा, दोन महिने थांबलं त चालन का?"

मी विचारले. डॉक्टरीणबाईने हात पुसायचा रुमाल टेबलावर ठेवला. ती म्हणाली, दोन महिन्यांनी आणलीत तर मी हात कापायला लावीन, पण ती जगेल असे सांगणार नाही. मरेल, असेच धरून चाला. हे त्याला याच शब्दांत सांग.

मी त्या शब्दांत सांगितले नाही. समोर वयाने मोठा माणूस, त्याच्या घरी लग्न ठरलेले, आणि जिच्या मरणाचे बोलायचे ती बाई तिथेच स्टुलावर बसलेली. आमच्याकडे लग्न ठरल्यापासून मांडव उतरेपर्यंत मरणाचा शब्द काढत नाहीत. मामाच्या लग्नात आजोबा शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हाही सगळे 'त्यांना जरा बरं नाही' असेच म्हणत पंगतीत वाढत होते. मी त्याच घरात वाढले. मी जमिनीकडे पाहत म्हणाले, "लवकर केलेलं बरं, असं त्या म्हणतात."

"बरं म्हनते," नामदेव म्हणाला. "म्हंजे अगदीच अडून नाही राह्यलं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहत होती. तिला वाटले मी सांगितले. सगुणाबाईही पाहत होती. मी मराठीत लिहिलेला, डॉक्टरणीने सही केलेला कागद नामदेवाने घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि पुढे लग्नात मांडवाच्या दाराशी उभे राहून तो व्याह्यांना वाचून दाखवला. डॉक्टरणीच्या बोलण्यातला त्याच्या उपयोगाचा अर्धा भाग त्याने उचलला. उरलेला अर्धा मी गिळला.

त्या दोन महिन्यांत सगुणाबाई रोज भाजी घेऊन आली. रोज मी ठरवी की आज सांगायचे. रोज मी पारड्यात वांगी टाकी, ती विचारी, "झालं का मन?", आणि मी मान हलवून आत येई. एक दिवस ती म्हणाली, काखेत लिंबाएवढी गाठ लागते. मी आईला सांगितले, सगळे सांगितले. आई म्हणाली, "त्यांचं लग्न होऊन जाऊ दे. तू मध्ये पडू नकोस." मी पडले नाही. मला मध्ये न पडणे फार चांगले येत असे. शाळेत त्यासाठी बक्षीसही मिळाले होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेवंताचे लग्न झाले. सगुणाबाईला मांडवात येऊ दिले नाही. ती मागे बैलांपाशी बसून होती. नवरीला नेणारी बैलांची दमणी दृष्टीआड झाल्यावर ती उठून नामदेवापुढे गेली, पदर सोडून हात त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "झालं का मन?" हे मला तिनेच सांगितले. सांगताना ती हसली नाही.

मग मी तिला पुन्हा दवाखान्यात नेले, आणि काखेतली गाठ पाहून डॉक्टरीणबाईने आम्हाला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. खामगावहून जलंब, तिथे गाडी बदलून अकोला. माझे वडील बरोबर आले. नामदेव आला नाही. त्याच्या घरी मुलगी-जावई यायचे होते. तिथल्या सर्जनने हात कोपरापर्यंत काढायचा ठरवला आणि काखेतल्या गाठीही. दोन बोटांची गोष्ट आता कुणी काढली नाही. मेजावर न्यायच्या आधी सगुणाबाई मला म्हणाली, "जाऊ द्या ताई. उजवा हात मळ्यात राबला. ह्यानं सात वर्सं निस्ता उन्हात बसून खाल्लं."

तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, पेज प्याली, आणि मला वाटले आता सांगितलेच पाहिजे. डॉक्टरीणबाई तेव्हा काय म्हणाली होती ते मी शब्द न् शब्द सांगितले.

"तुमाले तवाच ठावं होतं?"

"हो."

तिने तोंड भिंतीकडे केले. भिंतीकडे पाहतच ती बोलली. "मरते म्हनतलं असतं त आयकून काय तिथंच मेली असती का मी? त्या नामदेवाले तिथंच सांगतलं असतं, हात माया हाय बे, तुया पोरीचा नाही. दोन बोटं देऊन मोकळी झाली असती." मग ती वळली. "तुमी मायावर दया नाही केली ताई. तुमी तुमची लाज सांभाळली. एवढी इंग्रजी कायले शिकल्या? गप राहाले त आमाले बी येते."

मी रडायला लागले. तिने रडू दिले, पण समजूत काढली नाही. "माफी-बिफी राहू द्या," ती म्हणाली. "पुढच्या खेपी जोरात सांगजा. कोनाले बी. मी तिथं नसन तरी."

परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. तिने बोलायला हवे होते असे मला तेव्हाही वाटले नाही.

पावसाळ्यात ती पुन्हा टोपली घेऊन आली. कोपराखाली काही नव्हते. आईने दारातून पाहिले, आत आली आणि म्हणाली, "एका परीने बरंच झालं. चांगलाच हात उरला." त्या दिवसापासून हळदीच्या पाण्याचे पातेले बंद झाले. आई ते घासून, पालथे घालून फळीवर ठेवताना मी पाहिले. एका बाईचा हात कापून टाकला आणि आमची वांगी शुद्ध झाली. मी तेव्हाही आईला काही बोलले नाही. जेवले मात्र नाही, आणि का जेवत नाही ते कुणी विचारलेही नाही.

सर्जनने सांगून ठेवले होते की हिच्या कातडीला जिथे कापेल, जिथे घासेल, तिथे पांढरे येईल. घाबरू नका आणि भाजू तर मुळीच नका. तसेच झाले. आधी टाक्यांची रेघ पांढरी झाली. मग उजव्या हाताची बोटे, तराजूची दोरी जिथे घासायची तिथेच. आळीत ते पहिल्याच दिवशी दिसले. निम्म्या दारांनी भाजी नको म्हटले.

"लपवाले आता दुसरा हात नाही," सगुणाबाई प्रत्येक ओट्यावर सांगत गेली. "घ्याची त घ्या, नाही त राहू द्या. अन् आता वजन मी करतो." मी आमच्या ओट्याच्या खांबाला एक मोठा खिळा ठोकून घेतला. ती त्याला तराजू अडकवी आणि त्या पांढऱ्या बोटांनी स्वतः वांगी उचलून पारड्यात टाकी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी शेरभर वांगी शेरभरच आली. आईने पातेले पुन्हा काढले.

पुढच्या हिवाळ्यात गाठी मानेत आल्या. डॉक्टरीणबाईने हात लावून पाहिले आणि मला काही सांगायची गरज पडली नाही. सगुणाबाई संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेली. शेवटच्या आठवड्यात तिला गिळता येत नव्हते, तरी मी गेले की ती खिळ्याची चौकशी करी. "हाय का जागेवर? की काढला तुमच्या मायनं?" खिळा जागेवर होता. तो अजून आहे.

चैत्रात एका दुपारी मी भाजी आणायला मळ्यावर गेले, कारण आता आळीत कुणी येत नव्हते. नामदेव मोट हाकत होता. आणि थारोळ्यावर, तिच्याच जागी, त्याची धाकटी मुलगी काशी बसली होती. चौदा वर्षांची असेल. मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग, त्यावर तेल चकाकत होते, हात उन्हात धरलेला. शेजारी वैद्याची तीच बाटली.

"नामदेवराव, मोट थांबवा," मी म्हणाले. आवाज फाटला. त्याने बैल उभे केले.

"हे तेल आणि हे ऊन, याच्यानं सगुणाबाईला कॅन्सर झाला," मी म्हणाले. "डॉक्टरणीनं तेव्हाच सांगितलं होतं. दोन महिने थांबलात तर ती मरेल, हेही सांगितलं होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. ती मेली. ही पण मरेल."

"ताई, घरात पोरगी उजवाची हाय," तो म्हणाला. "असं अभद्र तोंडातून काढू नोका."

"मरेल," मी पुन्हा म्हणाले.

काशीने हात ओढून सावलीत घेतला. बापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "मंग ह्या हाताचं करू काय मी?"

"भाजी दे मला," मी म्हणाले. तिने तो हात लुगड्याला पुसला, टोपलीतली चार वांगी उचलली आणि माझ्या हातात ठेवली. नामदेव दोरी धरून उभा होता. मी बाटली उचलली आणि त्याच्या देखत पाटात ओतली. त्याने अडवले नाही. दुसरी आणणार नाही असेही तो म्हणाला नाही. म्हणून आता मी दर दोन दिवसांनी दुपारी मळ्यावर जाते.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आईने हळदीच्या पाण्याचे पातेले पुढे केले. वांग्यांना बावचीचा कडू वास येत होता, ती धुवायला हवीच होती. मी ती साध्या पाण्याने धुतली. मग आईला सांगितले, सगुणाबाई कशाने मेली आणि तिला वाचवता येत असताना कोण कोण गप्प बसले. माझे नाव पहिले घेतले, आईचे दुसरे. आई म्हणाली, हळू बोल, शेजारी ऐकतील. मी उठून खिडकी उघडली.